अडीच फूट

माझा बाप झिबल मेश्राम. गँगमन.
इतवारी ते नागभीड, छोटी लाईन,
दोन रुळांत अंतर अडीच फूट.

अडतीस साली लागला तेव्हा कोटाच्या बटणावर
तीन अक्षरं होती. त्याला वाचता येत नव्हती.
अप्पलस्वामी फायरमननं सांगितलं,
बी.एन.आर. म्हणजे बस, निवांत राहा.
अन् तिकडं मोठ्या स्टेशनात जी.आय.पी.,
म्हणजे गाडी इथंच पडली.
एकाच शहरात दोन कंपन्या,
एका विहिरीवर दोन दोर घेऊन येणाऱ्या जावा.
घड्याळंसुद्धा वेगळी, म्हणे. हे मात्र
अप्पलस्वामीचं खरं धरू नये.

चव्वेचाळीसला कंपनी सरकारजमा झाली.
बावन्नला आम्ही पूर्व रेल्वे झालो,
पंचावन्नला दक्षिण-पूर्व.
बाप तितूरच्या पुलाजवळ होता तिथंच होता,
हातात तोच घण.
मी विचारलं, मग काय झालं, बा?
"बटनं बदलली ना बाई. अजून काय व्हते?
टाके म्याच घातले."

उमरेडच्या पुढं मे महिन्यात
रूळ हात लावू देत नाही.
त्याच्या कुशीवर उठावदार अक्षरं,
डौलेस, आणि अठराशे सत्त्याऐंशी.
कोणीतरी वाचून दाखवलं, बापानं ऐकलं दौलत.
तेव्हापासून पहारीनं रूळ रेटण्याआधी म्हणायचा,
"दौलतसाहेब, सरका थोडं."
साहेब सरकायचे.
भिवापूरच्या मिरचीची पोती,
मुंडण केलेली पोरं, लग्नाची भांडी, एकदा एक अस्वल
या साहेबांच्या अंगावरून गेलं.

फार पुढं, शाळेतल्या जाडजूड नकाशात
मला डौलेस सापडलं. साहेब नव्हे, गाव.
वेल्समध्ये, लोखंडाच्या भट्ट्यांचं.
त्याच मुलखात वरच्या अंगाला डोंगर,
डोंगरात पाटीच्या दगडाच्या खाणी,
आणि खाणींतून समुद्राकडं निघालेल्या लाईनी
आमच्याहून बारीक, दोन फुटांच्या.
प्रत्येक दरीची आपली कंपनी, आपला रंग, आपली मोहोर.
मग मोठ्या कंपन्यांनी बऱ्याच गिळल्या, ढेकर न देता.
त्या दिवशी पाचवीच्या वर्गात
पाटीवर 'झ' गिरवणाऱ्या पोरीकडं बघत बसले.
तिथंही कोणीतरी बटणं शिवली असतील.
दोऱ्याचा रंग कसला, ते नकाशात नव्हतं.

बाप ब्याण्णवला गेला.
आईच्या पेन्शनीचा कागद किंग्सवेवर
या डिव्हिजनच्या ऑफिसातून त्या डिव्हिजनच्या ऑफिसात,
दोन्ही नागपूरच, दोन्हींचे शिपाई
एकाच टपरीवर तर्री-पोहे खाणारे.
तेवढ्यात पुन्हा पाटी बदलली,
दक्षिण-पूर्व-मध्य.
आई म्हणाली, दक्षिण झाली, पूर्व झाली, मध्य झाली,
उत्तर तेवढं कोणी देत नाही.

मग छोटी लाईनच उठली.
गॅसकटरनं रूळ कापताना ठिणग्या उडत होत्या,
मी कुहीच्या फाटकावर एस.टी.त बसून पाहिल्या.
कंडक्टर म्हणाला, आता मोठी येते, मॅडम.
येऊ दे. मला तिकिटाचे सुटे द्यायचे होते.

एक हातभर तुकडा मात्र आधीच सुटला होता.
बापानं रिटायर होताना
साहेबाला विचारून की न विचारता, ठाऊक नाही,
भिवापूरच्या माझ्या शाळेत आणून टांगला,
कडुनिंबाला, दुहेरी तारेनं.
तास त्याच्यावर पडायचे.
अजून पडतात.
नवा शिपाई रोज एकाच जागी मारतो,
'डौ' अर्धा झिजलाय.
परवा पेन्शनच्या कामानं गेले होते. म्हटलं,
बाबा, जरा दुसऱ्या बाजूनं मार.
तो म्हणाला, त्या बाजूनं आवाज नाही निघत.